हात लागलेली बाजू

पर्स उघडून बघण्याआधीच बाईनं हँडलवरून अंगठा फिरवला, थांबली, पुन्हा फिरवला आणि म्हणाली, "आईचा हात गेला यावरचा."

तो काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होता. गिऱ्हाईक दुरुस्त झालेली पर्स न्यायला आलं की सुरुवातीला आपण काही बोलायचं नाही, ही त्याची सवय. लोक आधी पर्स ओळखतात, मग खटका उघडून मिटून बघतात, मग जवळजवळ सगळेच ती नाकाशी नेतात आणि कुणी बघितलं तर नाही ना, अशा नजरेनं त्याच्याकडे बघतात. त्या वेळी तो दोरे आवरत असतो. ही बाई तशी नव्हती. पलीकडच्या गल्लीत चष्म्याचं दुकान होतं तिथं ती लोकांचे डोळे तपासायची, आणि वस्तूकडे बघण्याची तिची एक पद्धत होती, मान जरा मागे घेऊन, समोरचं अक्षर लागतंय की नाही ते पडताळावं तशी. पर्स तिच्या आईची. आई मागच्या वर्षी गेलेली. तपकिरी, चौकोनी, पितळी खटक्याची, बाईच्या जन्माच्याही आधीची. आणून देताना ती म्हणाली होती की मला ही वापरायची आहे, नुसती कपाटात ठेवायची नाही, नीट स्वच्छ करून द्या. त्यानं नीट स्वच्छ करून दिली होती.

म्हणजे अस्तर बाहेर काढून त्याच्या कोपऱ्यांतली धूळ, पावडर आणि गोळ्यांच्या कागदांचा चुरा ब्रशनं झाडला होता. चामड्याच्या साबणाचा फेस फडक्यावर घेऊन, पाणी मुरणार नाही अशा बेतानं, एकेक बाजू पुसली होती. तडकलेल्या कडा घासून नव्यानं रंगवल्या होत्या. उसवलेल्या शिवणीत जुन्याच भोकांतून आरी घालून मेण लावलेला दोरा ओवला होता, कारण नवी भोकं पाडली की चामडं तिथंच फाटायला लागतं. आणि हँडल. हँडलवर एका बाजूला काळपट, कडक, चकाकणारा पट्टा होता. असा पट्टा प्रत्येक जुन्या पर्सवर असतो. हाताचा घाम, तेल, मीठ वर्षानुवर्षं मुरून चामडं तिथं जळाल्यासारखं होतं आणि एक दिवस तुटतं. त्यानं त्यावर खडूची पूड दाबून ठेवली, झाडली, पुन्हा दाबली, मग स्पिरिटचा कापूस फिरवला. कापूस आधी पिवळा निघाला, मग तपकिरी, मग काळा, मग हळूहळू पांढरा. कापूस पांढरा निघाला की काम झालं. मग मलम चोळून हँडल दोन्ही बाजूंनी सारखं केलं. त्याला ते काम आवडलंही होतं. तिथला मूळ रंग इतका शाबूत निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

हे सगळं त्यानं तिला थोडक्यात सांगितलं. तो डाग ठेवला असता तर हँडल फार टिकलं नसतं, असंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, माणूस गेल्यानंतर डॉक्टरचं म्हणणं ऐकावं तसं. भांडली नाही. भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. गिऱ्हाइकाशी वाद कसा घालायचा ते त्याला ठाऊक होतं.

"तुमचं बरोबरच आहे," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं स्वच्छ करा म्हणून. लहानपणी रस्ता ओलांडताना मी आईचा हात नाही धरायचे, हे हँडल धरायचे. एका हातात सामान असायचं तिच्या, दुसऱ्यात ही. ती या बाजूला धरायची आणि मी त्या बाजूला." मग तिनं पर्स काउंटरवर ठेवली आणि अलगद त्याच्याकडे सरकवली. "राहू दे थोडे दिवस इथंच. मला आत्ता नाही न्यावीशी वाटत."

ती गेल्यावर त्यानं पर्स फळीवर ठेवली आणि दुसरी हातात घेतली. काम नेहमीसारखं चाललं. पण कापूस डब्यात टाकताना त्याचं लक्ष डब्याकडे जायला लागलं. डबा रोज भरायचा आणि रोज रिकामा व्हायचा, त्यात काही नवीन नव्हतं. इतकी वर्षं तो बायकांच्या पर्समध्ये हात घालत आला होता आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. सुरुवातीला वाटायचं. त्यांच्या घरात आईच्या पर्सला हात लावायचा नाही असा दंडक होता. सुट्टे पैसे हवे असले तरी पर्स उचलून आईला नेऊन द्यायची, मग ती काढून देणार. त्यामुळे पहिल्यांदा एका अनोळखी बाईच्या पर्सचं अस्तर उलटं करताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. मग ती भीड गेली. वास वेगळे वेगळे राहिले नाहीत, सगळ्यांचा मिळून एकच वास झाला, अत्तर, पावडर, धातू आणि बंद जागा यांचा. कुणी विचारलं की तुम्हाला या बायकांच्या आयुष्यांबद्दल काय काय कळत असेल, तर तो हसायचा. काही कळायचं नाही. त्याला शिवण कळायची. कुणी डावरी होती हे कळायचं. कुणाचं खांद्यावरचं ओझं जास्त होतं हे पट्ट्याच्या ताणावरून कळायचं, पण ओझं कसलं ते नाही. हे त्याला पुरेसं वाटत आलं होतं. आता फळीवरची ती तपकिरी पर्स, तिच्या त्या गुळगुळीत, दोन्हीकडे सारख्याच रंगाच्या हँडलसकट, काही न बोलणाऱ्या पाहुण्यासारखी दिवसभर समोर बसून असायची.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा त्यानं रंग कालवला. तपकिरीत थेंबभर काळा, थोडा मेणाचा अंश. टाकाऊ तुकड्यावर लावून बघितला, बोटानं पसरवला, फडक्यानं चोळला. तुकडा घाणेरडा दिसायला लागला, इतकंच. लहान मुलानं काजळ फासावं तसा. त्यानं तो तुकडा फेकून दिला आणि पर्सला रंगाचं बोट लावलं नाही. मग त्याला वाटलं, हा डाग हातानंच पडतो तर हातानंच पाडावा. संध्याकाळी दुकान बंद करून घरी जाताना त्यानं ती पर्स हातात घेतली. त्यात आपला जेवणाचा डबा आणि घडीची छत्री ठेवली. पुरुषाच्या हातात बायकी पर्स बघून लोक वळून बघतील असं त्याला वाटलं होतं, पण फारसं कुणी बघितलं नाही. सिग्नलला एक म्हातारा त्याच्याकडे बघून समजूतदारपणे हसला, बायको दुकानात शिरलेली असावी अशा अर्थानं. तो रोज पर्स घेऊन जा-ये करायला लागला. हँडलवर काही उमटेना. मग त्याच्या ध्यानात आलं की स्पिरिट आणि साबणानं त्याचे हात इतके कोरडे झाले आहेत की त्यांच्यातून काही निघतच नाही. तो कशालाही कितीही वेळ धरून बसला तरी मागे काही राहणार नव्हतं. हे त्यानं एखादं तांत्रिक कारण समजावं तसं समजून घेतलं. पण त्या दिवशी बसमध्ये त्यानं तळहात उघडून बराच वेळ बघितला.

रविवारी तो ताईकडे जायचा. आई ताईकडे होती. लग्न न झालेल्या मुलाकडे कोण बघणार म्हणून आई आधी त्याच्याकडे राहायची. पण ती विसरायला लागली, गॅस उघडा ठेवायला लागली, तो दुकानात असताना शेजाऱ्यांचे फोन यायला लागले, तेव्हा ताई म्हणाली मी घेऊन जाते. ताईनं ते इतक्या सरळपणे केलं की त्याला आभार मानायलाही जागा उरली नाही. आता आई खुर्चीवर बसायची आणि मधूनच उठून दाराशी जायची. कडी हलवायची. कुठं जायचंय विचारलं तर सांगता यायचं नाही, पण जायचं असायचं. ताई तिला परत आणून बसवायची, ती परत उठायची. दिवसातून कितीदा, ते ताईनं मोजायचं सोडून दिलं होतं. भाऊजींनी कडीला वर एक जास्तीचा खटका बसवला, तर आई त्याच्याकडे तोंड करून उभी राहायला लागली.

त्या रविवारी त्यानं तपकिरी पर्स टेबलावर ठेवली आणि तो हात धुवायला आत गेला. बाहेर आला तेव्हा पर्स आईच्या मांडीवर होती. डाव्या हातानं तिनं हँडल धरलं होतं, कारण उजवा खांदा आखडलेला. पाठ ताठ, पाय जुळवलेले. ती दाराशी गेली नाही. ताईनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं ताईकडे बघितलं, बाळ नुकतंच झोपल्यावर बघतात तसं. संध्याकाळी तो निघाला तेव्हा पर्स काढून घ्यायला गेला, तर आईनं ती जरा आपल्याकडे ओढली. रागानं नाही. "राहू दे," ताई म्हणाली. "ती बसलीय. मला आज पहिल्यांदा स्वयंपाकघरात काही सुचलं." ही पर्स दुसऱ्याची आहे, असं त्यानं सांगितलं. ताई म्हणाली पुढच्या रविवारी घेऊन जा.

पुढच्या रविवारी त्यानं ती घेतली नाही, आणि त्याच्या पुढच्याही. आई तशीच बसलेली असायची, आणि ते बसणं त्याच्या ओळखीचं होतं. लहानपणी कधी कधी बाबांचा आवाज थंड व्हायचा. ते ओरडायचे नाहीत, फक्त वाक्यं लहान होत जायची आणि मग बंद व्हायची. मग आई कपाटातून आपली पर्स काढायची, आतल्या खोलीत जाऊन त्यात काहीबाही भरायची आणि दाराजवळच्या खुर्चीवर येऊन बसायची. मांडीवर पर्स, पाठ ताठ, पाय जुळवलेले. खटका उघडायची, मिटायची. तो जमिनीवर काहीतरी खेळत असल्यासारखा बसायचा आणि तिच्या तोंडाकडे न बघता खटक्याकडे बघायचा. खटका मिटून हात हँडलवर गेला की आता ती उठणार. किती वेळ जायचा कोण जाणे. मग ती उठायची आणि आत जाऊन पाणी तापायला ठेवायची. ती एकदाही गेली नाही. पण गेली असती तर एकटीच गेली असती, ही गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती आणि तरी पक्की माहीत होती. तिच्याबद्दल त्याच्या मनात तेढ नव्हती. फक्त त्या वेळेपासून तो माणसांच्या तोंडाकडे बघण्याआधी त्यांच्या हातात काय आहे ते बघायला लागला, आणि पुढं तोच धंदा झाला, असं तो कधी कधी स्वतःशी म्हणायचा. ते खरं असेलच असं नाही.

हे त्यानं ताईला त्या दिवसांत सांगितलं. सहज म्हणून, भाज्या चिरता चिरता. ताईची सुरी थांबली. ती म्हणाली, "एकटी कुठं जाणार होती? तुला घेऊन जाणार होती. तुझे मोजे असायचे तिच्या पर्समध्ये. मी बघायचे ना भरताना. माझं काहीच नसायचं." ती हे हसत हसत म्हणाली, आणि पुन्हा चिरायला लागली. आई बाहेरच्या खोलीत बसली होती. तिला विचारण्यात अर्थ नव्हता. तो तिथंच उभा राहून गाजराच्या चकत्या एका रांगेत लावत राहिला. त्या वर्षांत एकाच घरात दोन पोरं त्याच खुर्चीकडे बघत बसली होती, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण मागे राहणार. त्याला काहीतरी वाटायला हवं होतं, असं त्याला वाटलं. जे वाटलं ते एवढंच, की पायांना फरशी गार लागतेय.

हँडल काळवंडत होतं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो खुर्चीशेजारी वाकून आईच्या पायातली चप्पल सारखी करत होता. डाव्या बाजूला, मुठीच्या आतल्या अंगाला, चामडं एक छटा गडद झालेलं. उन्हाळा होता, आईच्या हाताला घाम यायचा, आणि ताई सकाळी तिच्या हातांना तेल लावायची. पुढच्या आठवड्यात ते आणखी गडद झालं आणि अंगठ्याच्या जागी चकाकी आली. ती अंगठा सतत पुढेमागे करायची. धंद्याची नजर काही केल्या थांबत नव्हती. तो दर रविवारी आधी तो डाग बघायचा आणि मग आईची विचारपूस करायचा. रंग असा लावून येत नाही, असं त्याला कौतुकानं वाटायचं. मग त्या कौतुकाचं त्याला कसंसंच व्हायचं. पर्स आईला शांत ठेवते म्हणून इथं ठेवली आहे, की आईला कामाला लावलं आहे, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. ताईला त्यानं हे बोलून दाखवलं नाही.

आणि चष्म्याच्या दुकानातली बाई विचारायला आली नव्हती. आली असती तर काय सांगायचं, ते तो रस्त्यानं जाता येता मनात जुळवायचा. शेवटी त्यालाच जावं लागलं, कारण सुईत दोरा जाईनासा झाला होता. हे खरंही होतं. तिनं त्याला ओळखलं, पण पर्सचा विषय काढला नाही. आतल्या अंधाऱ्या खोलीत उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर जड चौकट ठेवली आणि समोर अक्षरांचा फळा लावला. ती एक काच काढायची, दुसरी घालायची आणि विचारायची, आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं. तो सांगायचा, आता. आधी. सारखंच. तिचे हात त्याच्या चेहऱ्याजवळ हलत होते आणि त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच असेल, त्यानं तिथंच सगळं सांगून टाकलं. रंग लावून बघितला ते, हातात घेऊन फिरला ते, आई, खुर्ची, डाग. तिनं मध्येच काच बदलली नाही. त्याच काचेतून तो धूसर अक्षरांकडे बघत बोलत राहिला.

"तो तुमच्या आईचा हात नाही," तो म्हणाला. "नवा कापूस घेतला तर मला परत काढता येईल. अजून फार आत गेलेला नाही."

मग तिनं नवी काच बसवली आणि सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगितली. त्यानं वाचली. "मला बघायचंय," ती म्हणाली. कुणाला की काय, ते बोलली नाही.

रविवारी ती ताईकडे आली. ताईला त्यानं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, आणि ताईच्या चेहऱ्यावर एक नाराजी होती, ती मुख्यतः पर्स गेल्यावर सोमवारी सकाळी काय करायचं याची. बाईनं चपला दाराशी काढल्या आणि ती सरळ आईसमोरच्या वेताच्या मोड्यावर जाऊन बसली. पर्सकडे तिनं लगेच बघितलं नाही. आईचं नाव, गाव, जेवणखाण असलं काही विचारलं नाही. आईनं तिला नीट बघून घेतलं. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा भोंगा वाजून थांबला. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट येत होती, की आता हिनं पर्सला हात घातला की आई ओढणार, आणि दोन बायका एका हँडलला धरून बसलेल्या आपल्याला बघाव्या लागणार.

"छान आहे पर्स," बाई म्हणाली. "तुमची?"

"माझी कुठली," आई म्हणाली. आवाज स्वच्छ होता, कित्येक महिन्यांत नव्हता इतका. "ठेवायला दिलीय कुणीतरी. येईल ती न्यायला."

ताई स्वयंपाकघराच्या दारात आली. बाईनं एकदा त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे. तिच्या गळ्यातली चष्म्याची साखळी तिनं बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली. "माझ्या आईची आहे," ती म्हणाली.

आईच्या कपाळावर आठी पडली. तिनं पर्सकडे बघितलं, बाईकडे बघितलं, हिशोब जुळतोय का ते बघावं तसं. आणि मग तिनं हँडलवरची मूठ सोडली, एकेक बोट सुटं करत, आखडलेल्या बोटांना जमेल तसं, आणि पर्स दोन्ही हातांनी पुढं केली. "मग नेऊन दे की तिला. किती वेळ बसलेय मी धरून. उशीर झाला तर ती तुलाच बोलेल."

बाईनं पर्स घेतली. मग म्हणाली की ती नाही बोलणार मला, सांगेन मी तिला. उभी राहून तिनं हँडल हातात धरलं, तेव्हा डाग तिच्या मुठीत येत नव्हता, पलीकडे राहत होता. तिनं पर्स फिरवून बघितली. तिच्या आईचा डाग या बाजूला होता, हा त्या बाजूला, असं ती पुटपुटल्यासारखं म्हणाली, तक्रार नव्हती त्यात. त्यानं विचारलं, काढून देऊ का. तिनं मान हलवली. नको. लहानपणी ती स्वतः जिथं धरायची तिथंच तो आला आहे, असं ती म्हणाली, आणि मग पर्स पुन्हा फिरवली आणि दुसऱ्या, कोऱ्या बाजूला धरली. ताईनं तिला पाणी विचारलं. ती नको म्हणाली, आईला वाकून नमस्कार करावा की नाही अशी क्षणभर घुटमळली आणि नुसता आईच्या गुडघ्याला हात लावून निघाली. तिच्यामागे दाराचा वरचा खटका भाऊजींनी लावला, आणि नंतर, काय वाटलं कुणास ठाऊक, काढून ठेवला.

आई रिकाम्या मांडीकडे बघत होती. तिची डावी मूठ अजून अर्धवट मिटलेली होती, अंगठा पुढेमागे होत होता. ती आता उठेल आणि दाराशी जाईल, म्हणून तो भिंतीपासून पुढं झाला. ती उठली नाही. तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं, ओळखीनं की नुसतंच, ते त्याला कळलं नाही.

"आणि तुझी?" ती म्हणाली. "तुझी कुठंय?"

पर्सचं विचारत होती की आईचं, हे तिला विचारून घ्यावं असं त्याला वाटलं. ताई दारातून त्याच्याकडे बघत होती, हातातलं फडकं तसंच धरून.

"इथंच आहे," तो म्हणाला.

"मग बस की," आई म्हणाली. "उभा का?"

मोडा अजून बाईच्या वजनानं दबलेला होता. तो त्यावर बसला आणि थोड्या वेळानं त्यानं मान मागे वळवून ताईलाही बोलावलं.